भांडण मुलांचं, थकवा बेनचा

मधली सुट्टी संपली की माझ्या टेबलाभोवती घोळका जमतो. "बेन, एणे मने धक्को मार्यो!" "बेन, ए खोटुं बोले छे!" बडोद्यात चौथीला शिकवते, इथं मुलं बाईंना 'बेन' म्हणतात. वर्गात ४६ मुलं. शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी, मोठ्या शाळेतसुद्धा, शिक्षकामागे ४० ची मर्यादा आहे.

पूर्वी मी झटपट निवाडा करायचे. उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीनंतर, दोघं पतंगाच्या मांज्याच्या एका फिरकीवरून हमरीतुमरीवर आले. ज्याचा आवाज मोठा, त्याला रागावले, सॉरी म्हणायला लावलं. फिरकी खरंच त्याची होती, हे चार दिवसांनी कळलं. त्या चार दिवसांत तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. अजून बोचतं ते.

तेव्हापासून खिडकीखाली सतरंजी टाकलीय. भांडणारे दोघं तिथं बसतात, आधी पाणी पितात. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं मध्ये न बोलता ऐकायचं आणि ऐकलेलं परत सांगायचं. गुजराती, मराठी, हिंदी, काहीही चालतं. "चूक कोणाची" असं मी विचारत नाही. "तुला काय हवं होतं" विचारते. बहुतेकदा खेळात घ्यायला हवं असतं, नाहीतर चिडवणं थांबायला हवं असतं. (मारहाण किंवा रोजची दादागिरी असेल तर सतरंजी नाही. तिथं मोठ्यांनीच मध्ये पडायचं.)

पण याला वीस मिनिटं लागतात, आणि ती माझ्या डब्याच्या वेळेतून जातात. मार्चमध्ये घसा पार बसला. एक मुलगी पेन्सिल हरवली म्हणून सांगायला आली आणि मी तिच्यावर खेकसले. तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

कायद्यानं छडी बंद केली, ते योग्यच झालं. पण छडीला अर्धं मिनिट पुरायचं, ऐकून घ्यायला वीस लागतात, हा हिशेब वेळापत्रकात कुणी धरलाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामानं पार थकून जाण्याची, व्याख्या केली, ती कामाच्या जागच्या, न आवरलेल्या सततच्या ताणाशी जोडून. मग उपायही कामाच्या जागीच हवा ना? सतरंजीसाठी आठवड्यात दोन तास राखून ठेवा. सुट्टीत पाळीपाळीनं दोघींनी देखरेख करावी, बाकीच्यांना निवांत जेवू द्यावं. आणि पालकांनो, रात्री नऊनंतर व्हॉट्सॲपवर "आज माझ्या मुलाला कुणी मारलं?" असं विचारू नका. सकाळी विचारा, मी नीट सांगेन.

शनिवारच्या पालकसभेत हे लेखी देतेय. माझ्या वर्गातले आईबाबा वाचत असतील तर नक्की या, आणि पुढे बसा.