सायकलच्या विषयावर पाठ केलेलं उत्तर का नको : एका शिक्षकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहिते. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, तिच्या स्पीकिंगमध्ये म्हणजे बोलण्याच्या भागात, सायकलबद्दल विचारलं तर स्वतःच्या सायकलबद्दल बोला, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. तुमचा आक्षेप असा, की गावची सायकल, पंक्चर, चिखल असलं काही सांगून परीक्षकावर छाप पडत नाही. त्यापेक्षा पर्यावरण, कार्बन उत्सर्जन, नेदरलँड्समधलं सायकलींचं शहर ॲमस्टरडॅम हे मुद्दे भारदस्त शब्दांत पाठ करून घेतलेले बरे. फी मोठी असते, मुलांवर प्रयोग करू नका, असंही तुम्ही लिहिलंय. फीची काळजी मलाही तुमच्याइतकीच आहे, आणि नेमकं त्याच कारणासाठी मी हा सल्ला देते.

छापेचं आधी बोलू. गुण देण्याचे निकष चार आहेत: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. प्रत्येकाला 25 टक्के. तुमचा मुद्दा किती थोर, माहिती किती खरी, याला यात कुठेच जागा नाही. नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत हे खरंय, पण ते सांगितल्याचा वेगळा गुण मिळत नाही. आणि हे निकष सगळ्यांना वाचायला खुले आहेत. त्यात 'पाठ केलेली वाक्यं' हा उल्लेख कुठे येतो ते एकदा बघा. तो अगदी खालच्या बँडच्या, म्हणजे गुणपातळ्यांच्या, वर्णनात आहे.

आता एक प्रसंग सांगते. माझ्याकडे ब्रिटनमध्ये नर्सची नोकरी करायची म्हणून तयारी करणारी एक मुलगी येते. तिकडच्या नोंदणीसाठी तिला बोलण्यात साधारणपणे 9 पैकी 7 बँड लागतात. सायकलचा प्रश्न विचारल्यावर तिनं सुरुवात केली, "सायकलिंग इज ॲन इको-फ्रेंडली मोड ऑफ ट्रान्सपोर्टेशन विच ॲमेलिओरेट्स..." आणि अडली. पुढचा शब्द आठवेना. डोळे वर, आवाज सपाट, एका दमात म्हणायचं ते तुटलं. मी तिला मराठीत विचारलं, तुझी सायकल होती का गं? मग जे सुरू झालं ते थांबेना. शाळा लांब, वाट काळ्या रानातून. पावसाळ्यात चाकाला चिखल धरायचा आणि मडगार्डमध्ये असा घट्ट बसायचा की चाकच फिरायचं नाही. खाली उतरायचं, बाभळीची काडी मोडायची आणि चिखल उकरून काढायचा. मागे कॅरिअरवर धाकटी बहीण, तिच्या हातात दोघींची दप्तरं.

मी म्हटलं, हेच इंग्रजीत सांग. ती म्हणाली, "द मड युज्ड टू गेट स्टक अंडर द मडगार्ड, सो आय हॅड टू स्क्रेप इट आउट विथ अ स्टिक."

सर, हे वाक्य नीट बघा. भूतकाळातली सवय आहे, कारण आणि परिणाम जोडलेत, 'स्क्रेप आउट' हे क्रियापद जिथे शोभतं तिथेच आलंय. 'ॲमेलिओरेट्स'पेक्षा हे कितीतरी वरच्या दर्जाचं इंग्रजी आहे, कारण ते तिचं आहे आणि तिला ते पुढे नेता येतं. पुढचं वाक्यही तिनंच केलं, "इफ माय सिस्टर हॅडन्ट हेल्ड द बॅग्ज, दे वुड हॅव फॉलन इन द मड." असलं वाक्य फळ्यावर शिकवायला मला आठवडा लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे परीक्षेची घडण. मुलाखत 11 ते 14 मिनिटांची. पहिल्या भागात छोटे प्रश्न, तिथे पाठांतर एखादवेळी खपून जाईल. दुसऱ्या भागात विषय लिहिलेलं कार्ड मिळतं, एक मिनिट विचार करायला आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. तिसऱ्या भागात मात्र परीक्षक तुमच्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढू शकतो. पहिल्या भागात पुस्तकी बोलणारा मुलगा तिसऱ्या भागात दोन-दोन शब्दांवर आला की फरक लगेच कानाला कळतो, आणि गुण सगळ्या मुलाखतीचे मिळून ठरतात. शिवाय कार्डावर 'सायकल' असा विषय येईलच असं नाही. लहानपणी शिकलेलं एखादं कौशल्य येईल, मिळालेली भेटवस्तू येईल, कुणाला केलेली मदत येईल. त्या मुलीची सायकल यातल्या प्रत्येकात चालते. तुमचा पाठ केलेला परिच्छेद एकातही बसणार नाही.

एका बाबतीत मी तुमच्याशी सहमत आहे, आणि ते मोकळेपणानं सांगते. तिसऱ्या भागात नुसतं 'माझी सायकल, माझं गाव' पुरत नाही. शहरांत लोक सायकल का सोडतात, सरकारनं काय करावं, असे प्रश्न तिथे येतात. पण त्यालाही ॲमस्टरडॅमला जायची गरज नाही. पुणं एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं आणि आज रस्ता दुचाकींनी भरलेला आहे. हे असं का झालं यावर कोणतंही मूल चार वाक्यं बोलू शकतं: अंतरं वाढली, स्कूटर हप्त्यानं मिळू लागली, सायकलच्या पट्ट्यावर गाड्या लागतात, आईबापांना मुलांना रस्त्यावर सोडायची भीती वाटते. हे आधी मराठीत बोलून घ्या, मग इंग्रजीत. विचार तयार असला की शब्द शोधायला वेळ मिळतो.

'गावाकडचे उच्चार उघडे पडतात' असं तुम्ही शेवटी लिहिलंय, त्याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. उच्चारांच्या निकषात मराठी वळण हा दोष धरलेला नाही. ऐकणाऱ्याला विनासायास कळतंय का, आघात म्हणजे शब्दावरचा जोर योग्य जागी पडतोय का, असं पाहतात. आणि पाठ केलेलं बोलताना पहिल्यांदा जातो तो आघातच.

तुमची शब्दांची यादी फेकून देऊ नका. तिच्यात पंक्चर काढणं, चेन उतरणं, ब्रेक करकचून दाबणं, उतारावर पायडल न मारता सायकल सोडणं, यासाठीचे शब्द घाला. या आठवड्यात तुमच्या वर्गातल्या दोघा-तिघांना आधी पाठ केलेलं उत्तर म्हणू द्या, मग त्यांच्या सायकलबद्दल बोलू द्या, आणि दोन्ही मोबाइलवर रेकॉर्ड करा. चार निकष समोर ठेवून तुम्हीच गुण द्या आणि काय निघालं ते मला इथे कळवा.