क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा गॅससारखा उधळतो? नाही, तो वाहतो

सध्या एक मेसेज फिरतोय की अणुकेंद्रकं प्रचंड वेगात आदळली की क्वार्क (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते कण) आणि ग्लुऑन (क्वार्कना एकत्र बांधून ठेवणारे कण) सुटे होतात, म्हणजेच क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा बनतो, आणि ते गॅससारखे सगळीकडे सारखेच उधळतात. पहिला भाग बरोबर आहे, दुसरा चूक, कारण हा प्लाझ्मा द्रवासारखा वाहतो, आणि सगळ्यात सुंदर गोष्ट नेमकी तिथेच आहे म्हणून लिहितोय.

टक्कर बहुतेक वेळा अगदी समोरासमोर होत नाही, जरा बाजूने होते, त्यामुळे दोन केंद्रकं जिथे एकमेकांवर येतात तो भाग बदामासारखा असतो. आता कणांचं एकमेकांशी काही देणंघेणंच नसतं तर ते सगळ्या दिशांना सारखेच गेले असते ना, पण डिटेक्टरमध्ये बदामाच्या आखूड अक्षाच्या दिशेने जास्त कण सापडतात, कारण तिकडे थोड्याच अंतरात दाब झपकन उतरतो आणि द्रव तिकडेच जोरात ढकलला जातो. याला एलिप्टिक फ्लो म्हणतात.

गॅस असेल असं आधी बऱ्याच शास्त्रज्ञांनाही वाटायचं बरं का. अमेरिकेत ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या 'रिक' या केंद्रकं आदळवणाऱ्या मशीनमध्ये 2000 पासून सोन्याची केंद्रकं आदळवली आणि 2005 मध्ये तिथल्या चारही प्रयोगांनी सांगितलं की हा जवळपास परिपूर्ण द्रव आहे, म्हणजे चिकटपणा अगदीच कमी, आणि तोही काही लाख कोटी अंश तापमानाला! पुढे 2010 मध्ये युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत शिशाच्या केंद्रकांच्या टकरींतही हेच दिसलं.

त्याच वर्षी प्रोटॉनच्या टकरींतही असाच पॅटर्न दिसला, पण तिथेही द्रवाचा थेंबच बनतो का यावर अजून वाद चालू आहे, ते सिद्ध झालं म्हणून फॉरवर्ड करू नका.