अर्धा किलो केक, वर अख्खे काका

केकबद्दल लोक एका दमात बोलून मोकळे होतात. "चॉकलेट, अर्धा किलो, एगलेस." टॉपरबद्दल, म्हणजे केकवर बसणाऱ्या बाहुलीबद्दल, मात्र अर्धा तास. काकांची एकसष्टी आहे, तर काका आरामखुर्चीत हवेत. हातात पेपर. चष्मा नाकावर घसरलेला. मिशी हवीच, "पण आता पिकलीये हं." पायाशी मोत्या. हा सगळा संसार 6 इंची केकवर. शेवटी, आवाज खाली आणून, "आणि काका व्हेज आहेत ना?"

प्रश्न चुकीचा नाही. बाहुल्या फॉन्डंटच्या, म्हणजे साखरेच्या गोळ्याच्या. काही फॉन्डंटमध्ये जनावरांपासून काढलेलं जिलेटिन असतं, म्हणून मी बिनजिलेटिनचा आणते. काका शुद्ध शाकाहारी झाले.

 फॉन्डंटमध्ये सीएमसी पावडर मळली की बाहुल्या वाळून कडक होतात, असं व्हिडिओत सांगतात. ते व्हिडिओ करणाऱ्यांनी डोंबिवलीतला जुलै पाहिलेला नसतो. जिथे बनियन वाळत नाही तिथे काका काय वाळणार? साखर हवेतलं पाणी ओढून घेते; रात्री ताठ बसलेले काका सकाळी खुर्चीत पार ओघळले होते. अखेर त्यांना बेडरूममध्ये एसी लावून दिला. नवरा हॉलमध्ये पंख्याखाली. "काकांना झोप लागली का?" एवढंच त्याने सकाळी विचारलं. चहा स्वतःच करून घेतला.

मानेत आधाराला कच्ची स्पगेटी घालते, टूथपिक नाही, कारण कुठलं तरी पोर काकांचं डोकं खाणारच. मिशी पिकलेली, हे तर उपकारच. पांढऱ्या फॉन्डंटमध्ये कितीही काळा रंग ओता, तो करड्यापाशी येऊन अडतो. काळंभोर हवं तर आधी कोको मळा. इथे करड्यावरच भागलं.

फोटो पाठवला. पाच मिनिटांत कौटुंबिक खंडपीठ बसलं.

"नाक जरा मोठं वाटतंय."

"नाक बरोबर आहे, आत्या म्हणतायत."

"हे एवढे जाड नाहीत हो," काकू.

"आहेत," मुलगी.

सुनेने फक्त अंगठा दाखवला. ती बाई सुखात नांदणार.

पुढचा पेच असा, की क्रीमचा केक फ्रिजमध्येच राहायला हवा आणि काका फ्रिजमधून बाहेर आले की घामाघूम होतात. म्हणून दोघांचा प्रवास वेगळा. रिक्षात केक एका मांडीवर, काका दुसऱ्या. खड्डा आला की मी काकांना धरायचे. रिक्षावाला आरशातून बघत होता. हॉलवर पोचल्यावर खाली गोल पुठ्ठा ठेवून काकांना केकवर बसवलं, नाहीतर क्रीमच्या ओलीने बुडापासून विरघळले असते.

"साखरच तर आहे ना ताई, एवढे पैसे?" हे झालंच. केक संपला, काकांना कोणी सुरी लावली नाही.

परवा त्यांच्या घरून फोन आला. "काका शोकेसमध्ये मस्त आहेत. मोत्याला तेवढ्या मुंग्या लागल्या. पुढच्या वर्षी नुसता मोत्या कितीला पडेल?"