जुना टीव्ही म्हणजे एक्स-रे मशीन नव्हे

सध्या एक फॉरवर्ड फिरतंय. वर 'जनहितार्थ, तज्ज्ञ डॉक्टरांचा इशारा' असं लिहिलंय, डॉक्टरांचं नाव अर्थातच नाही. मजकूर थोडक्यात असा: आठ वर्षांपेक्षा जुना टीव्ही क्ष-किरण सोडू लागतो, त्यातून थायरॉइड आणि मोतीबिंदू होतो, तेव्हा तो ताबडतोब बदला. नवा येईपर्यंत महिन्यातून एकदा मागचं झाकण काढून ओल्या फडक्याने धूळ पुसा, कारण किरण धुळीत साठतात. पुढच्या वर्षापासून जुन्या टीव्हीवर चॅनेल दिसणार नाहीत. घ्यायचा तर ५५ इंची फोरकेच घ्या. आणि जीएसटी उतरल्यामुळे सगळेच टीव्ही दहा टक्के स्वस्त झालेत. खाली जोडलेले हात, आणि 'किमान दहा जणांना पाठवा'.

इतर ग्रुपांवर आलं तेव्हा मी ते पुसून टाकलं. पण मग ते सदाशिव पेठेत आमच्या आत्यापर्यंत पोचलं. आत्या एकटी राहते, पंच्याहत्तरी ओलांडलेली, संध्याकाळच्या मालिका हीच सोबत. तिने टीव्हीचा प्लग काढून ठेवलाय, वर सोलापुरी चादर टाकलीय, आणि 'एफडी मोडू का रे?' म्हणून मला फोन केला. त्यामुळे आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी क्ष-किरण. या गप्पेला एक जुनं मूळ आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. पूर्वीच्या डबा टीव्हीत काचेची पिक्चर ट्यूब असायची. रंगीत टीव्हीच्या ट्यूबमध्ये वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब लावून इलेक्ट्रॉन पडद्यावर आदळवले जात आणि त्यातून थोडे क्ष-किरण तयार होत. ते अडवायला काचेत शिसं आणि तत्सम जड धातू घातलेले असत. १९६७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या काही रंगीत टीव्हींमधून मर्यादेपेक्षा जास्त किरण बाहेर पडतात असं उघड झालं, कंपनीला ते दुरुस्त करून द्यावे लागले, आणि १९६८ साली तिथे त्यासाठी कायदाच झाला. तिथल्या एफडीएची (अन्न-औषधांबरोबर अशा यंत्रांवरही नजर ठेवणारी सरकारी संस्था) मर्यादा आजही तीच आहे: टीव्हीच्या पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर तासाला ०.५ मिलिरॉंटजेन (हे क्ष-किरण मोजायचं एकक). आणि हीच एफडीए स्वच्छ सांगते की एलसीडी आणि प्लाझ्माचे सपाट टीव्ही क्ष-किरण सोडूच शकत नाहीत. आज एलईडी म्हणून विकला जातो तोही एलसीडीच, फक्त पडद्यामागचा उजेड एलईडीचा. त्यात पिक्चर ट्यूब नाही, इलेक्ट्रॉनचा मारा नाही. जे यंत्र पहिल्या दिवशी क्ष-किरण तयार करू शकत नव्हतं, ते नवव्या वर्षी कुठून करणार? आत्याचा टीव्ही ३२ इंची एलईडी आहे. त्याच्यापासून थायरॉइडला असलाच तर मालिकांतल्या सासवांच्या आवाजाचा त्रास.

आता ओलं फडकं. इथे मात्र माझा तोल जातो. बाकीचा मूर्खपणा फार तर पैसे घालवेल, हा जीव घेऊ शकतो. टीव्हीच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, प्लग काढल्यावरही काही काळ चार्ज धरून ठेवतात, आणि तिथला दाब तीनशे-चारशे व्होल्टच्या घरात असतो. कुणाच्या माळ्यावर जुना ट्यूबवाला असेल तर आणखी वाईट. ती ट्यूब बंद असतानाही हजारो व्होल्ट साठवून ठेवू शकते. दुरुस्ती करणारे आधी तिच्यातला चार्ज काढून टाकतात, मगच हात घालतात. अशा ठिकाणी एकट्या म्हाताऱ्या माणसाला ओलं फडकं घेऊन पाठवणारा 'तज्ज्ञ डॉक्टर' मला एकदा भेटायचाय. धूळ पुसायची तर बाहेरून, प्लग काढून, कोरड्या मऊ कापडाने. किरण धुळीत साठतात म्हणे! साठते ती उष्णता, कारण धुळीने मागच्या जाळ्या बुजतात.

'चॅनेल दिसणार नाहीत' हे दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. पुण्यात ३१ मार्च २०१३ च्या मुदतीने ॲनालॉग केबल गेली, तेव्हाही टीव्ही बदलावा लागला नव्हता, सेटटॉप बॉक्स घ्यावा लागला होता. चॅनेल त्या बॉक्समधून येतं, टीव्ही फक्त दाखवतो. हां, एक अर्धसत्य आहे. स्मार्ट टीव्हीतली ॲप खरंच म्हातारी होतात. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्स काही जुन्या सॅमसंग टीव्हींवर चालेनासं झालं होतं. पण त्यावर उपाय म्हणजे टीव्हीच्या मागच्या एचडीएमआय खाचेत लावायची, ॲप चालवणारी छोटी स्टिक, एफडी मोडणं नव्हे.

फोरके वाईट नाही. पण फोरकेचा पडदा ३८४० × २१६० ठिपक्यांचा, एचडी चॅनेल फार तर १९२० × १०८०, आणि आत्याच्या केबलच्या पॅकमधली बरीच चॅनेल साधी एसडी. तेवढंच चित्र ५५ इंचांवर ताणलं की चेहरे शिजलेल्या बटाट्यासारखे दिसतात. शिवाय ५५ इंची टीव्ही साधारण १२२ सेंटिमीटर रुंद असतो, आणि तिच्या शोकेसचा खण ३२ इंचीच्या मापाने सुताराकडून करून घेतलेला. टीव्हीबरोबर शोकेसही मोडायचं का?

जीएसटीचं निम्मं खरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा दर २८ वरून १८ टक्के झाला. ३२ आणि त्याखालचे आधीपासून १८ मध्येच होते, त्यांना काही फरक नाही. आणि मोठ्यांचेही दहा टक्के नाहीत: १२८ रुपयांचे ११८ झाले, म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास.

मग आत्याच्या टीव्हीला झालंय तरी काय? डाव्या कोपऱ्यात चित्र काळपट दिसतं, एवढंच. फॉरवर्ड वाचल्यावर तिला तो कोपरा 'किरणांनी जळलेला' वाटायला लागला. बहुधा बॅकलाइटची, म्हणजे पडद्यामागच्या उजेडाची, पट्टी गेलीय. पडदाच पूर्ण काळा पडला आणि आवाज चालू राहिला, तर खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारायचा. पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनल जिवंत आहे, उजेड गेलाय. पट्ट्या बदलता येतात. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि टीव्ही मी उचलून नेईन.

पट्ट्यांचा खर्च नव्या ३२ इंचीच्या निम्म्यावर जात असेल तर मात्र मीच म्हणेन, नवा घेऊ. तेव्हा खणाचं माप लिहून न्यायचं, आणि तिच्या जुन्या बॉक्सच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांना जागा आहे का ते मागून बघायचं. स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, तेही वाचायचे. दुकानातल्या भडक रंगांवर जायचं नाही, तो शोरूमचा मोड असतो, सेल्समनला 'स्टँडर्ड' लावायला सांगायचं. जुना टीव्ही घंटागाडीत नको, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायचा.

आत्याला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'अरे पण ज्यांनी पाठवलं ते बँकेतून रिटायर झालेत, ते कशाला खोटं पाठवतील?' त्या काकांचा नंबर मागून घेतलाय.