‘एसएसडी घ्या ही दुकानदारी आहे’ : कळव्याच्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

संथ लॅपटॉपवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. इतरांसाठी आधी तिचं सार सांगतो. तुमच्याकडे २०१७ चा लॅपटॉप आहे : आय३ प्रोसेसर, सातवी पिढी, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. मुलगी त्यावर डिप्लोमाचा अभ्यास करते. पाच-सहा महिन्यांनी तो रखडायला लागला की तुम्ही ठाणे स्टेशनजवळ पाचशे रुपयांत फॉरमॅट मारून (म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकून) आणता, एक फुकटचा क्लीनर, म्हणजे लॅपटॉप ‘साफ’ करणारं सॉफ्टवेअर, टाकता आणि तो पुन्हा पळतो. असं असताना ‘हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) बसवा’ असं मी लिहिणं म्हणजे दुकानदारांची भलामण, साध्या माणसाला चार हजारांचा भुर्दंड, असं तुमचं म्हणणं.

पैशांबद्दलची तुमची कळकळ मला पूर्ण मान्य आहे. म्हणून हिशेबच मांडू. वर्षाला दोन फॉरमॅट म्हणजे हजार रुपये. शिवाय प्रत्येक वेळी मुलीच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या, सगळी सॉफ्टवेअर परत टाका, प्रिंटर परत जोडा. घरी कुणी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करत असेल तर टॅलीचा डेटा बहुतेक सी ड्राइव्हवरच असतो, आणि फॉरमॅटमध्ये तोच पुसला जातो. घाईत तो राहून गेला की वर्षभराच्या नोंदी गेल्या. हा खर्च पावतीवर दिसत नाही इतकंच.

फॉरमॅटनंतर लॅपटॉप पळतो हे खरं आहे. पण तो का पळतो ते पाहा. कोऱ्या विंडोजमध्ये सुरू होतानाच जागी होणारी मंडळी फारशी नसतात. मग हळूहळू व्हॉट्सॲप येतं, मीटिंगचं सॉफ्टवेअर येतं, प्रिंटरबरोबरचा लवाजमा येतो, दुसरा अँटिव्हायरस येतो. ही सगळी लॅपटॉप चालू करताच एकदम उठतात आणि एकाच वेळी हार्ड डिस्ककडे धाव घेतात. सहा महिन्यांत तुम्ही जिथे होता तिथेच परत येता. हेच काम फॉरमॅटशिवाय होतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात स्टार्टअपची यादी असते. रोज लागत नाही ते तिथून बंद करा. प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त आपणहून सुरू व्हायचा थांबतो. एक पैसा लागत नाही.

आता हार्ड डिस्क. तुमच्या वर्गातल्या लॅपटॉपमधली डिस्क सहसा मिनिटाला ५,४०० फेरे घेते. म्हणजे एक फेरा साधारण ११ मिलिसेकंदांचा, आणि हवी ती जागा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा. त्यात डोकं योग्य ठिकाणी सरकायचा वेळ मिळवा. विखुरलेल्या छोट्या फाइली वाचायच्या तर अशी डिस्क सेकंदाला शंभरच्या आतच कामं उरकते. विंडोज सुरू होताना अशा वाचनांची संख्या हजारोंत असते. ठाणे स्टेशनवर ऐन गर्दीत एकच तिकीट खिडकी उघडी असावी तसं हे आहे. खिडकीवरचा माणूस कितीही चपळ असला तरी रांग हटत नाही. एसएसडीत फिरणारं काही नसतंच, त्यामुळे तीच कामं सेकंदाला हजारोंनी होतात. मी एसएसडीचा आग्रह धरतो तो या एका कारणासाठी. प्रोसेसर तोच, रॅम तीच, आणि तरीही माणसाला फरक डोळ्यांना दिसतो.

क्लीनरबद्दल मात्र मी ठाम आहे. तो काढून टाका. रजिस्ट्रीतल्या (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं त्या नोंदवहीतल्या) काही शे जुन्या नोंदी पुसल्याने वेग वाढत नाही, उलट एखादी लागणारी नोंद गेली तर सॉफ्टवेअर बंद पडतं. मायक्रोसॉफ्टही अशा रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांना पाठिंबा देत नाही. त्यातलं ‘रॅम मोकळी करा’ हे बटण तर ४ जीबीच्या लॅपटॉपवर थेट घातक. रॅममधलं काढून ते हार्ड डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये (रॅममध्ये न मावणारं ठेवायच्या जागेत) ढकललं जातं, आणि दोन मिनिटांनी ते परत लागलं की त्याच संथ डिस्कवरून आणावं लागतं. त्याने काढलेला दोन जीबी ‘कचरा’ १ टीबीच्या डिस्कवर वेगाच्या दृष्टीने नगण्य आहे. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तरच जागा मोकळी करण्याला अर्थ आहे, आणि त्यासाठी विंडोजच्या सेटिंग्जमधलं स्टोरेज पुरेसं आहे. शिवाय हे क्लीनर स्वतःच स्टार्टअपमध्ये ठाण मांडून बसतात. आपल्याकडे डेस्कटॉपवर पुन्हा पुन्हा रिफ्रेश मारायची सवयही खूप जणांना आहे. त्याने आयकॉन नव्याने काढले जातात, बाकी काही होत नाही.

पण खरेदी हा नंतरचा भाग. आधी निदान करा. लॅपटॉप सुरू करून दहा मिनिटं थांबा आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स पाहा. मेमरी (म्हणजे रॅम) ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क १०० टक्के, तर रॅम अपुरी पडतेय आणि डिस्क तिची उणीव भरून काढतेय. मेमरी निम्मी रिकामी, डिस्क १०० टक्के आणि तरी वाचन-लेखन सेकंदाला एक-दोन एमबीच, तर दोष डिस्कचा. तिथेच सरासरी प्रतिसादाचा वेळ मिलिसेकंदात दिसतो. तो वारंवार हजाराच्या घरात जात असेल तर सगळं बाजूला ठेवा आणि आधी मुलीच्या फाइली दुसरीकडे काढून घ्या. ते मरायला टेकलेल्या डिस्कचं लक्षण असू शकतं. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत साधनात डिस्कचा रंग पिवळा किंवा लाल दिसला तर अशा डिस्कवर फॉरमॅट मारणं म्हणजे तिच्यावर आणखी ताण. तुमच्या प्रतिक्रियेतलं ‘आता पूर्वीपेक्षा लवकर स्लो होतो’ हे वाक्य वाचून मला याचीच काळजी वाटली.

डिस्क शांत आहे आणि तरी रखडतो? मग प्रोसेसरचा वेग पाहा. उदाहरणार्थ आय३-७१००यू चा मूळ वेग २.४ गीगाहर्ट्‌झ आहे. काम चालू असताना तो ०.८ च्या आसपास अडकलेला दिसला तर उष्णता, चार्जर किंवा पॉवर मोड यांपैकी एक कारण असतं. मेट्रोच्या कामामुळे घोडबंदर रोडच्या आसपास धूळ किती बसते ते इथे सगळ्यांना माहीत आहे. तीच पंख्यात जाते. पंखा साफ करून प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बदलली की काही लॅपटॉप एवढ्यावरच सुधारतात. आणि तो गादीवर ठेवून वापरू नका.

पाचशेच्या फॉरमॅटबद्दल आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खुपते. अनेक ठिकाणी त्यासोबत ‘ॲक्टिव्हेट करून देतो’ म्हणून क्रॅक (परवाना न घेता विंडोज चालवणारं चोरटं सॉफ्टवेअर) टाकला जातो आणि त्यासाठी अँटिव्हायरस बंद केला जातो. अशा क्रॅकमधून मालवेअर येतं, पासवर्ड जातात, आणि लॅपटॉप संथ व्हायचं ते एक नवं कारण ठरतं. तुमचा लॅपटॉप विंडोजसह विकत घेतला असेल तर त्याची की (परवान्याचा क्रमांक) मशीनमध्येच असते. तीच आवृत्ती पुन्हा टाकली की नेट जोडल्यावर ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. दुकानात हे आवर्जून सांगा.

खर्च करायचाच झाला तर २५६ जीबीची २.५ इंची साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी पुरते. जुनी डिस्क ज्या कप्प्यात आहे तिथेच ती बसते. डिस्क निरोगी असेल आणि त्यातला डेटा एसएसडीत मावणार असेल तर विंडोज तसंच्या तसं क्लोन करून (म्हणजे एसएसडीवर हुबेहूब उतरवून) घेता येतं, फॉरमॅटची गरज नाही. मात्र क्रॅक टाकलेला असेल तर क्लोन न करता कोरं विंडोजच टाका. जुनी डिस्क दुकानात सोडू नका, तिच्यावर तुमची कागदपत्रं आहेत. धडधाकट असेल तर यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला वापरा. रॅम वाढवायची असेल तर टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. तुमच्या रॅमचा प्रकार डीडीआर४ की डीडीआर३एल हे बघून घ्या, एकाच्या जागी दुसरी बसत नाही. भाव ठाण्यातल्या नौपाड्यात विचारा. फार तफावत वाटली तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात एक फेरी मारा.

हा खर्च करावा का, यावर एक रास्त आक्षेप तुम्ही घेतला नाहीत, तो मीच मांडतो. सातव्या पिढीचा आय३ विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव सुरक्षा-अद्यतनं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. त्यानंतर त्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करू नयेत असं माझं मत आहे. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून तो अभ्यासासाठी आणखी काही वर्षं नक्की वापरता येईल. एसएसडी वाया जाणार नाही, कारण साटा एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला किंवा केसमध्ये लावता येते. रॅमचं तसं नाही. म्हणून दोन्हींत निवड करायची तर आधी एसएसडी.

पुढचा फॉरमॅट मारण्याआधी एवढं करा : मेमरीचा टक्का, डिस्कचा टक्का आणि डिस्कच्या प्रतिसादाचा वेळ, हे तीन आकडे इथे लिहा. मुलीचं कोणतं सॉफ्टवेअर त्यावर चालतं तेही कळवा, कारण ते लिनक्सवर चालत नसेल तर माझा सल्ला बदलेल.