हेडसेटला कॅमेरे आहेत म्हणून लेकराला एकटं सोडू नका

लातूर-परभणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक दावा फिरतोय: नव्या व्हीआर हेडसेटमध्ये (डोळ्यांवर चढवून आभासी जगात खेळायचं यंत्र) खेळायच्या जागेभोवती सीमारेषा आखली की लेकरू कुठे धडकत नाही, कॅमेऱ्यांमुळे बाहेरचं उघड्या डोळ्यांसारखं दिसतं, म्हणून जवळ कुणी बसायची गरज नाही.

सीमारेषेचा भरवसा सगळ्यात घातक. रेघेजवळ गेलं की डोळ्यांसमोर जाळीची भिंत उभी राहते, एवढं खरं. पण ती भिंत चहूबाजूंनी असते, डोक्यावर नाही. आपल्याकडे माळवदाच्या घरात पंखा तुळईला टांगलेला असतो. मोठ्या माणसाने हात उंचावला तर पातं बोटांना लागेल इतका खाली. मे महिन्यात तो बंद ठेवून कुणी बसू शकत नाही. टेनिसच्या खेळात हात वर जाणारच, आणि वरच्या पंख्याची सूचना ही रेघ देत नाही. शिवाय रेघ आखल्यावर कुणी कूलर सरकवला, धाकटं रांगत आत आलं, तर? मध्ये आलेली वस्तू दाखवायची सोय मेटा कंपनीच्या क्वेस्ट हेडसेटमध्ये आहे, पण ती चालू आहे का हे आधी बघावं लागतं.

‘उघड्या डोळ्यांसारखं’ हेही खरं नाही. समोर आरपार बघायची काच नसते. कॅमेऱ्याने टिपलेलं चित्र पडद्यावर दिसतं. २०२० च्या क्वेस्ट २ मध्ये ते काळं-पांढरं होतं, २०२३ च्या क्वेस्ट ३ मध्ये रंगीत झालं. तरी जवळच्या वस्तूंच्या कडा वाकतात, मंद उजेडात चित्रात मुंग्या येतात. आणि संध्याकाळी लाईट गेली तर? हेडसेट बॅटरीवर चालूच राहतो, पण जागा ओळखायला त्याच्या कॅमेऱ्यांना उजेड लागतो. मिट्ट अंधारात त्याला खोलीच सापडत नाही, मग रेघ कुठली!

राहिला जवळ बसण्याचा प्रश्न. मेटाने २०२३ मध्ये वयाची अट १३ वरून १० वर आणली, पण १० ते १२ वर्षांच्या मुलांचं खातं पालकांच्याच हाती ठेवलं. क्वेस्टचे स्पीकर कान झाकत नाहीत, त्यामुळे हाक ऐकू येते. फक्त वेगळे इयरफोन लावू देऊ नका. खेळ चालू असताना मागून एकदम धरू नका, लेकरू दचकून हात फिरवतं. आधी नावाने हाक मारा. हेडसेटच्या कडेला बोटाने दोनदा टकटक केलं की खोली दिसते, ही सोय सेटिंगमध्ये चालू करून ठेवा आणि खेळ सुरू व्हायच्या आधी लेकराकडून एकदा करून घ्या.