निजामाच्या बँडची क्लॅरिनेट खरंच लाखांची असते का?

लग्नसराई जवळ आली की मराठवाड्यातल्या बँडवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मतलब असा: घरात आजोबांच्या वेळची काळी क्लॅरिनेट असेल तर विकायची घाई करू नका. तिच्यावर 'मेड इन फ्रान्स' असेल, लाकूड शिसवी आणि चाव्या चांदीच्या असतील, तर ती निजामाच्या फौजेतली समजा आणि लाखाच्या खाली सौदा करू नका. जोडीला परदेशी साइटवरच्या किमतीचा फोटो. जालना, परभणी, नांदेडकडच्या कितीतरी जणांनी हा मेसेज पाठवून 'खरं का हो?' म्हणून विचारलं. खरं नाही. आणि यात दोन्हीकडचं नुकसान होतंय. बँडमास्तर गेल्यावर त्यांच्या घरचे रास्त भाव देणारं गिऱ्हाईक परत पाठवतात, आणि शिकायला निघालेलं पोर उसनवारी करून पेटीशी सूर न जुळणारं वाद्य घेऊन येतं.

निजामाचं कलम सगळ्यात घातक, म्हणून आधी तेच. समजा, वाद्य खरोखर जुन्या लष्करी बँडमधलं आहे. मग तर जास्तच सावध राहायला हवं. इंग्रजी लष्करी बँड 1920 चं दशक संपेपर्यंत 'हाय पिच'वर वाजत होते, म्हणजे त्यांचा 'ए' (ज्याला सगळी वाद्यं जुळवतात तो स्वर) 452 हर्ट्झच्या आसपास. आजचे कीबोर्ड 440 वर लावलेले असतात. हा फरक अर्ध्या स्वराच्या जवळपास निम्मा भरतो, कुणाच्याही कानाला बोचेल एवढा. बॅरल (तोंडात धरायच्या माउथपीसखालचा आखूड तुकडा) थोडा बाहेर ओढून सूर उतरवू म्हणाल, तर वरची भोकं वापरणारे सूर जास्त उतरतात, खालचे कमी, आणि वाद्य स्वतःशीच बेसूर होतं. म्हणजे लष्करी बँडची गोष्ट जितकी खरी, तितकी ती क्लॅरिनेट आज निरुपयोगी असण्याची शक्यता जास्त.

हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. जोडांवर, म्हणजे क्लॅरिनेटच्या मधल्या दोन लांब तुकड्यांवर, 'एचपी' (हाय पिच) किंवा 'एलपी' (लो पिच) अशी अक्षरं आहेत का पाहा. 'एलपी' असेल तर आजच्या सुराची. काहीच नसेल तर माउथपीस काढून बॅरलच्या वरच्या कडेपासून बेलच्या, म्हणजे खालच्या भोंग्याच्या, तोंडापर्यंत टेप लावा. आजची बी फ्लॅट, म्हणजे बँडमधली नेहमीची क्लॅरिनेट, साधारण 59 ते 60 सेंटीमीटर भरते. 57 च्या आसपास भरली तर हाय पिचचा संशय धरा. 63-64 भरली तर ती बहुधा 'ए'ची क्लॅरिनेट. ऑर्केस्ट्रावाले ती बी फ्लॅटच्या जोडीला ठेवतात, आपल्या बँडला तिचा उपयोग नाही. शेवटी मोबाईलवरच्या ट्यूनरसमोर लांब सूर धरून खात्री करा.

टेप हातात आहे तोवर चाव्याही मोजा. चाव्यांच्या मांडणीच्या दोन पद्धती सापडतात. बोएम पद्धतीच्या नेहमीच्या क्लॅरिनेटला 17 चाव्या आणि भोकांभोवती 6 कड्या असतात. ही पद्धत पॅरिसमध्ये क्लोझे हा वादक आणि बुफे हा कारागीर यांनी बसवली, तिचं पेटंट 1844 चं. जुन्या साध्या पद्धतीला, जिला अल्बर्ट म्हणतात, बहुतेक वेळा 13 चाव्या आणि खालच्या जोडावर 2 कड्या. ज्यांची बोटं अल्बर्टवर बसलीत त्यांच्या हातात ती फार गोड वाजते, यात मला तिळमात्र शंका नाही. पण आज शिकणारी मुलं बोएमवर शिकतात, म्हणून अल्बर्टला गिऱ्हाईक मोजकं.

'मेड इन फ्रान्स'चं कौतुकही थोडं आवरायला हवं. अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, आणि पुढं असे शिक्के सर्रास पडू लागले. त्यावरून माल कुठला ते कळतं, दर्जा कळत नाही. नॉर्मंडीतल्या ला कुत्यूर-बूसे गावातून आणि पॅरिसच्या कारखान्यांतून साध्या, स्वस्त क्लॅरिनेटी परदेशी दुकानदारांची नावं कोरून ढिगानं जायच्या. बनवणाऱ्यांत बुफे क्रॅम्पाँ किंवा पॅरिसचा सेल्मर हे नाव मोठं खरं; पण बुफेच्याच घरचं 'एव्हेट' हे नाव बरंचसं शिकाऊ वाद्यांवर येतं. बुफेच्या ज्या आर-13 या मॉडेलला आज खरी मागणी आहे, ती बाजारात आली 1955 मध्ये, म्हणजे निजामाची राजवट गेल्यावर सात वर्षांनी. नुसत्या सिरियल नंबरवरून वय काढणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका. प्रत्येक कारखान्याचे आकडे वेगळे, त्यामुळे आधी बनवणारा कोण ते ठरलं पाहिजे. चांगल्या बुफेवर वरच्या आणि खालच्या जोडाचा नंबर एकच असतो. वेगळा निघाला तर दोन वाद्यांतून एक केलेलं आहे.

चांदी आणि शिसवाचं थोडक्यात. चाव्या जवळजवळ नेहमी जर्मन सिल्व्हरच्या: तांबं, निकेल, जस्त. चांदी असलीच तर वरचा पातळ मुलामा. लाकूड आफ्रिकन ब्लॅकवुड, शिसवाच्याच कुळातलं. पण काळं दिसतं ते सगळं लाकूड नसतं. एबोनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर, उन्हानं हिरवट-तपकिरी पडतं आणि अंगठ्यानं जोरात घासलं की गंधकाचा वास येतो.

जुनं म्हणजे महाग, हा समज व्हायोलिनवरून आला असावा. क्लॅरिनेट वयानं सुधारत नाही. आपल्याकडचा एप्रिल-मे तर तिच्या जिवावर उठतो. कोरड्या उन्हात लाकूड आकसतं, आणि जोडांच्या टोकाची धातूची कडी बोटानं गरगर फिरायला लागते. परभणीकडं पाहिलेल्या एका क्लॅरिनेटची कडी हातात निघूनच आली. तिच्या वरच्या जोडावर, ट्रिलच्या चाव्यांखाली, केसाएवढी चीर होती. वरून काळं पॉलिश मारलेलं, म्हणून ती सरळ बघताना दिसेना. तिरक्या उजेडात धरल्यावर दिसली. घेणाऱ्यानं आणखी एक करावं. वरच्या जोडाची भोकं अंगठ्यानं आणि तीन बोटांनी झाका, खालचं तोंड दुसऱ्या तळहातानं दाबा आणि वरून हवा ओढा. ओढ टिकून राहिली तर पॅड, म्हणजे चाव्यांखालच्या भोकं झाकणाऱ्या गाद्या, ठीक. लगेच सुटली तर पॅड गेलेत किंवा कुठंतरी चीर आहे.

मेसेजमधला किमतीचा फोटो हा मागितलेल्या भावाचा आहे. त्या भावाला ती विकली गेली का, हे त्यात कुठंच नाही. झालेले सौदे बघा. बिननावाच्या जुन्या क्लॅरिनेटीचे पॅड, कॉर्क, स्प्रिंग बदलायचा खर्च पुष्कळदा तिच्या भावापेक्षा जास्त होतो. तो आधी दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या आणि सौद्यातून वजा करा.

विकणाऱ्यांना मात्र एक कळकळीनं सांगतो: क्लॅरिनेटच्या पेटीतला जुना माउथपीस फेकू नका. त्यावर शेडव्हिल किंवा कॅस्पर असं माउथपीस बनवणाऱ्याचं नाव निघालं, तर तो एकटाच बाकीच्या क्लॅरिनेटपेक्षा जास्त पैसे देऊन जाऊ शकतो. आणि गिऱ्हाईकाला ऐकवायचं म्हणून वर्षानुवर्षं बंद असलेलं लाकूड एका बैठकीत तासभर फुंकू नका. आतून ओल आणि ऊब, बाहेरून कोरडं, अशानं धडधाकट जोडही चिरतो. पहिले काही दिवस रोज दहा मिनिटं, आणि प्रत्येक वेळी आतून कापडानं पुसून ठेवा.